पाच वर्षांचे गणित : विनिपेगच्या महिला बास्केटबॉल संघांचा नवा मोसम कसा पाहावा

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी असलेल्या विनिपेगमध्ये ऑक्टोबर सरू लागला की थंडीबरोबर विद्यापीठांच्या बास्केटबॉलचा मोसमही येतो. या शहरात दोन मोठी विद्यापीठे आहेत आणि दोहोंचे महिला संघ देशपातळीवरील स्पर्धेत उतरतात. १९९३ ते १९९७ अशी सलग पाच वर्षे कॅनडाचे आंतरविद्यापीठीय विजेतेपद याच शहरात राहिले. पहिली तीन वर्षे ते विनिपेग विद्यापीठाच्या ‘वेस्मेन’ संघाकडे होते, नंतरची दोन मॅनिटोबा विद्यापीठाच्या ‘बायसन्स’कडे. त्यानंतर मार्च २०२५ पर्यंत हा करंडक एकदाही विनिपेगला परतलेला नाही.

२०२५-२६ च्या मोसमाच्या उंबरठ्यावर या दोन्ही संघांविषयी बोलताना ‘पुनर्बांधणी’ हा शब्द टाळता येत नाही. क्रीडावार्तांमध्ये तो पराभवाला दिलेले सौम्य नाव म्हणून सर्रास वापरला जातो. कॅनडाच्या विद्यापीठीय खेळात मात्र त्याला नेमका अर्थ आहे. तो अर्थ नियमांतून, पैशांच्या मर्यादेतून आणि महासाथीने विस्कटलेल्या वेळापत्रकातून आलेला आहे. हे गणित समजले, तर येत्या चार महिन्यांतील निकालांकडे निराळ्या नजरेने पाहता येते. ज्या मराठी कुटुंबांतील मुली शाळेच्या संघातून खेळत आहेत, त्यांना तर पुढील काही निर्णयांसाठीही ते उपयोगी पडावे.

दोन विद्यापीठे, दोन स्वभाव

मॅनिटोबा विद्यापीठ १८७७ साली स्थापन झाले. पश्चिम कॅनडातील ते सर्वांत जुने विद्यापीठ. शहराच्या दक्षिणेला रेड नदीच्या काठी त्याचा विस्तीर्ण परिसर आहे. १९९९ च्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने तेथे बांधलेल्या बंदिस्त क्रीडागृहात बायसन्सचे घरचे सामने होतात. विनिपेग विद्यापीठ आकाराने लहान आणि शहराच्या मध्यवस्तीत, पोर्टेज ॲव्हेन्यूवर वसलेले. त्याचे मूळ १८८८ च्या वेस्ली कॉलेजात आहे. विद्यापीठाचा दर्जा त्याला १९६७ मध्ये मिळाला. ‘वेस्मेन’ हे नाव त्या वेस्लीवरून आलेले, आणि नावात ‘मेन’ असले तरी महिला संघही तेच नाव मिरवतो. त्यांचे सामने डकवर्थ सेंटरमध्ये होतात.

दोन्ही संघ ‘कॅनडा वेस्ट’ या विभागीय गटात खेळतात. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या चार प्रांतांतील विद्यापीठे त्यात आहेत. साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला वीस सामने येतात. प्रतिस्पर्धी बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी असे लागोपाठ दोन सामने खेळून परततो. फेब्रुवारीत विभागीय बाद फेरी होते आणि मार्चमध्ये देशातील आठ संघांची अंतिम स्पर्धा. तिच्या विजेत्यांना ‘ब्राँझ बेबी’ हा करंडक मिळतो. १९२२ पासून चालत आलेला हा करंडक १९७२ पासून राष्ट्रीय विजेतेपदाचे चिन्ह आहे.

अंतरे हा या गटाचा स्थायीभाव आहे. विनिपेगहून व्हँकुव्हर रस्त्याने सुमारे २,३०० किलोमीटर. विद्यार्थिनींनी गुरुवारी वर्ग आटोपून विमान गाठायचे, दोन सामने खेळायचे आणि सोमवारी पुन्हा तासाला बसायचे, असा हा क्रम असतो. नव्या मुलींना खेळाआधी या प्रवासाची सवय करावी लागते. पुनर्बांधणीच्या काळात परक्या मैदानांवरील निकाल अधिक वाईट दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे.

अठ्ठ्याऐंशी विजयांचा वारसा

टॉम केंडल यांच्या मार्गदर्शनाखाली वेस्मेनच्या मुलींनी १९९२ ते १९९४ या काळात सलग ८८ सामने जिंकले. सँड्रा कॅरोल हे त्या संघातील ठळक नाव. ८८ हा आकडा बास्केटबॉलच्या जगात आधीच प्रसिद्ध होता, कारण जॉन वुडन यांच्या कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठाच्या पुरुष संघाने १९७१ ते १९७४ दरम्यान नेमका तेवढ्याच विजयांचा विक्रम केला होता. वेस्मेनला तो ओलांडता आला नाही. २ डिसेंबर १९९४ रोजी त्यांची घोडदौड थांबवली ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बायसन्सनी.

त्यानंतरचा घटनाक्रम अधिक बोलका आहे. विक्रम खंडित झाल्यावर तीन-चार महिन्यांतच वेस्मेनने तिसरे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. पण एक पिढी संपली होती. पुढची दोन विजेतेपदे कॉलीन ड्यूफ्रेन यांनी घडवलेल्या बायसन्सकडे गेली. ड्यूफ्रेन या १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून खेळलेल्या. महिला बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला ते हेच वर्ष. वेस्मेनची सूत्रे १९९५ मध्ये तान्या मॅके यांच्याकडे आली आणि पाव शतक त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्यानंतर अलिसा कॉक्स यांनी ती स्वीकारली. मॅके आणि कॉक्स दोघीही पूर्वी याच संघातून खेळलेल्या.

नव्वदच्या दशकातील यशाशी आजच्या संघांची तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवायला हवा. त्या वेळी विनिपेगचे संघ ‘ग्रेट प्लेन्स’ या छोट्या विभागीय गटात खेळत. पुढे तो गट विसर्जित झाला आणि येथील संघ कॅनडा वेस्टमध्ये आले. तेथे त्यांच्यासमोर ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचेवान यांसारखी, विद्यार्थिसंख्येने आणि साधनांनी समृद्ध विद्यापीठे दर आठवड्याला उभी राहतात. १९९४ मध्ये शहराबाहेरचा कठीण प्रतिस्पर्धी मार्चमध्ये भेटत असे. आता तो नोव्हेंबरमध्येच भेटतो.

पाच मोसम आणि एक हरवलेले वर्ष

कॅनडाच्या विद्यापीठीय खेळाची शिखर संस्था ‘यू स्पोर्ट्स’ हिच्या नियमानुसार खेळाडूला पाच मोसम खेळण्याची मुभा असते. पात्रता टिकवायची तर दरवर्षी किमान १८ क्रेडिटचे, म्हणजे साधारण तीन पूर्ण विषयांचे शिक्षण उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणून विद्यापीठाचा संघ व्यावसायिक क्लबासारखा एक प्रमुख खेळाडू दहा वर्षे राखू शकत नाही. अठराव्या वर्षी आलेली मुलगी तेविसाव्या वर्षी जाणारच. प्रशिक्षकाच्या हाती असतो तो फक्त येणाऱ्यांचा आणि जाणाऱ्यांचा मेळ.

आदर्श स्थितीत पंधरा जणींच्या संघात दरवर्षी तिघी येतात आणि तिघी जातात. प्रत्येक तुकडीत कोणी चेंडू हाताळणारी, कोणी उंच, कोणी दुरून अचूक फेक करणारी असते. धाकट्या थोरल्यांकडून शिकतात आणि पायरीपायरीने वर येतात. प्रत्यक्षात एखाद्या वर्षी पाच जणी मिळतात, एखाद्या वर्षी एकच. कोणाचा गुडघा दुखावतो, कोणी अभ्यासक्रम बदलून दुसऱ्या गावी जाते. तुकड्या विषम झाल्या की काही वर्षांनी संघात मोठी पोकळी निर्माण होते. पुनर्बांधणीचा काळ सुरू होतो तो येथून.

या गणितात कोविडने आणखी एक गाठ मारली. २०२०-२१ चा मोसम रद्द झाला आणि ते वर्ष कोणाच्याही पात्रतेत मोजले गेले नाही. खेळाडूंच्या दृष्टीने हा न्याय्य निर्णय होता. त्याचे पडसाद मात्र आजही संपलेले नाहीत. २०२० च्या शरदात विद्यापीठात आलेल्या मुलीचा पहिला मोजला गेलेला मोसम २०२१-२२ हा होता. तिच्या एक वर्ष मागून, २०२१ मध्ये आलेल्या मुलीचाही पहिला मोसम तोच. दोघी सलग खेळत राहिल्या असतील, तर दोघींचेही पाचवे आणि अखेरचे वर्ष २०२५-२६ हे ठरते.

याचा अर्थ असा की येत्या मोसमाअखेर कॅनडातील विद्यापीठ संघांतून एका तुकडीऐवजी दोन तुकड्या एकदम बाहेर पडू शकतात. त्या अगोदर चार वर्षे थोरल्या खेळाडू नेहमीपेक्षा एक वर्ष अधिक राहिल्यामुळे मधल्या मुलींना मैदानावर कमी वेळ मिळालेला आहे. अनुभवी मुली भरपूर, त्या एकाच वेळी निघण्याच्या बेतात, आणि त्यांच्या मागच्या मुली पुरेशा न तापलेल्या, अशा स्थितीत प्रशिक्षकाला हा मोसम काढायचा आहे.

दोनशे मिनिटे कोणाला द्यायची?

या प्रश्नाचे मोजमाप सोपे आहे. कॅनडातील विद्यापीठीय सामने आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे ‘फिबा’च्या नियमांनी खेळले जातात. दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात आणि एका वेळी पाच जणी मैदानावर. म्हणजे एका सामन्यात प्रशिक्षकाकडे वाटण्यासाठी एकूण दोनशे मिनिटे असतात. वीस सामन्यांच्या साखळीत ती चार हजार होतात.

समजा, पाचव्या वर्षाच्या तिघी प्रत्येकी तीस मिनिटे खेळतात. त्यांनी नव्वद मिनिटे घेतली, म्हणजे दोनशेपैकी ४५ टक्के. मार्चनंतर त्या तिघी गेल्या की उरलेल्या संघाने ही नव्वद मिनिटे कधी हाताळलेलीच नसतात. उलट प्रशिक्षकाने त्यांना वीस-वीस मिनिटांवर आणले, तर तीस मिनिटे धाकट्यांसाठी मोकळी होतात. साखळीभरात ती सहाशे मिनिटे भरतात. त्यासाठी किंमत मोजावी लागते. नोव्हेंबरमधील एखादा सामना, जो अनुभवाच्या बळावर जिंकता आला असता, तो हातचा जातो.

त्या किमतीचा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही. पाचव्या वर्षातील मुलीसाठी हा शेवटचा मोसम असतो. पहाटेचे सराव, परीक्षांच्या आदल्या रात्रीचे प्रवास यांत तिने चार वर्षे घातलेली असतात. तिच्या हातून दहा मिनिटे काढून अठरा वर्षांच्या मुलीला देणे हे संघाच्या भवितव्यासाठी शहाणपणाचे असेल, पण त्या भवितव्यात तिला जागा नसते. दुसरीकडे, बाकावर बसून दोन वर्षे काढलेल्या मुलीलाही संघ सोडून जावेसे वाटू शकते. पुनर्बांधणी करणाऱ्या संघाचे खरे ताण गुणतक्त्यात दिसत नाहीत. ते या वाटपात असतात.

पॉइंट गार्डच्या जागेवर हा ताण सर्वाधिक जाणवतो. चेंडू पुढे नेणारी, डाव ठरवणारी, प्रशिक्षकाचा आवाज मैदानावर नेणारी ही खेळाडू. ‘फिबा’च्या नियमानुसार आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो आणि चोवीस सेकंदांत फेक करावी लागते. अमेरिकी महाविद्यालयीन महिला सामन्यांत फेकीसाठी तीस सेकंद मिळतात. येथे सहा सेकंद कमी. शालेय खेळातून आलेल्या मुलीला हा वेग पहिल्या काही महिन्यांत चकवतो. डाव जुळण्याआधीच घड्याळ संपते आणि घाईत चेंडू हातचा जातो.

दक्षिणेची ओढ

जाणाऱ्यांच्या जागी येणार कोण, हा पुढचा प्रश्न. विनिपेगमध्ये बास्केटबॉलची मुळे खोल आहेत. शहरातील मोठ्या फिलिपिनो समाजाने हा खेळ वस्त्यावस्त्यांत जिवंत ठेवला आहे आणि शालेय स्पर्धाही जोमात चालतात. २०२३ पासून ‘सी बेअर्स’ हा पुरुषांचा व्यावसायिक संघही येथे आहे. गुणवत्तेची वाण नाही. अडचण अशी की सर्वोत्तम मुलींना सीमेपलीकडून बोलावणे येते. विनिपेगची एमिली पॉटर हे त्याचे उदाहरण. साडेसहा फूट उंचीची ही खेळाडू शालेय शिक्षणानंतर अमेरिकेतील यूटा विद्यापीठाकडून खेळली.

दोन्ही व्यवस्थांतील आर्थिक अंतर मोठे आहे. कॅनडात खेळाडूंना मिळणारी क्रीडा शिष्यवृत्ती परंपरेने शिक्षणशुल्क आणि अनिवार्य शुल्क यांच्या मर्यादेत राहिली आहे. अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीत पूर्ण शिष्यवृत्ती राहण्याजेवण्याचाही खर्च उचलते. २०२१ पासून तेथे खेळाडू एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात गेली तरी वर्षभर थांबावे न लागता खेळू शकते. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देण्याची परवानगी मिळाली आहे आणि त्याची वार्षिक कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. त्यातील सिंहाचा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. शिवाय विद्यार्थी व्हिसावर असलेल्या परदेशी मुलींना अशा पैशांबाबत कायदेशीर अडचणी आहेत. तरीही सतरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांपुढे येते ते दूरदर्शनवरील झगमगते मैदान.

त्यामुळे विनिपेगच्या प्रशिक्षकांना दोन गोष्टींवर भिस्त ठेवावी लागते. एक म्हणजे उशिरा बहरणारी मुलगी, जिच्याकडे अमेरिकी विद्यापीठांचे लक्ष गेलेले नाही. दुसरी म्हणजे सीमेपलीकडे जाऊन, तेथे बाकावर बसून कंटाळलेली आणि घरी परतू इच्छिणारी खेळाडू. पहिली घडवायला तीन वर्षे लागतात. दुसरी तयार मिळते, पण तिची थोडीच वर्षे उरलेली असतात. दुसरीवर भर दिला तर लवकर विजय मिळतात आणि लवकरच पुन्हा पोकळी निर्माण होते.

प्रेअरीतील दोन उदाहरणे

पुनर्बांधणी कशी करावी याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅनडाच्या याच पश्चिम पट्ट्यातील आहे. एडमंटनच्या मॅकडूगल कमर्शियल हायस्कूलमधील शिक्षक पर्सी पेज यांनी १९१५ मध्ये आपल्या माजी विद्यार्थिनींचा ‘एडमंटन ग्रॅड्स’ हा संघ उभा केला. १९४० मध्ये विसर्जित होईपर्यंत त्याने ५०२ सामने जिंकले आणि अवघे २० गमावले. त्यांचे कौतुक करणाऱ्यांत खुद्द बास्केटबॉलचे जनक, मूळचे कॅनडाचे जेम्स नेस्मिथ हेही होते.

पंचवीस वर्षांत ‘ग्रॅड्स’कडून एकूण केवळ ३८ मुली खेळल्या आणि दोघींचा अपवाद वगळता सगळ्या त्याच शाळेतून आलेल्या. शाळेच्या कनिष्ठ संघापासून वरिष्ठ संघापर्यंत एकच शिकवण, एकच पद्धत. वरच्या संघातील मुलगी लग्न किंवा नोकरीमुळे निघाली की खालच्या पायरीवरील मुलगी तिची जागा घेई, आणि तिला डाव नव्याने शिकवावा लागत नसे. त्यांनी पुनर्बांधणीसाठी वेगळा काळ राखून ठेवला नव्हता; ती रोज चालू होती.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि शेजारचे. सस्कॅचेवान विद्यापीठाच्या महिला संघाची सूत्रे लिसा थोमायडिस यांनी १९९८ मध्ये हाती घेतली. पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांना २०१६ मध्ये मिळाले, म्हणजे जवळपास अठरा वर्षांनी. दरम्यान त्या कॅनडाच्या राष्ट्रीय संघाच्याही प्रशिक्षक झाल्या होत्या. त्यानंतर सस्कॅचेवानने २०२० आणि २०२५ मध्ये पुन्हा करंडक जिंकला. हवामान, लोकसंख्या आणि अंतरे यांच्या बाबतीत सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा सख्खी भावंडे शोभावीत. त्यामुळे ‘आमच्याकडे मोठी शहरे नाहीत, उबदार हवा नाही’ ही सबब विनिपेगला फारशी देता येत नाही. सस्कॅचेवानच्या विद्यापीठाने अठरा वर्षे प्रशिक्षक बदलण्याची घाई केली नाही, आणि फळ मिळाले ते त्यानंतर.

मराठी घरांतील प्रश्न

मॅनिटोबाची प्रांतीय नामांकन योजना १९९८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या वाटेने हजारो भारतीय कुटुंबे येथे आली. त्यांतील पुढची पिढी आता शाळेच्या वरच्या वर्गांत आहे. खेळणाऱ्या मुलीच्या घरी अकरावीच्या सुमारास एक प्रश्न हमखास उभा राहतो : खेळ की अभ्यास? या प्रश्नामागे भारतातील अनुभव असतो. तेथे महिला बास्केटबॉलपटूसाठी खेळाची परिणती बहुधा रेल्वे किंवा पोलिस दलातील क्रीडा कोट्यातल्या नोकरीत होते. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाचे वर्चस्व त्यातूनच आले. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचे कर्णधारपद भूषवले, पण तिच्यासारख्या मुली किती आणि वाटेत गळालेल्या किती, हे महाराष्ट्रातील कोणत्याही क्रीडाशिक्षकाला ठाऊक असते.

कॅनडाच्या व्यवस्थेत हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडावा लागतो. येथे खेळाला नोकरी जोडलेली नाही, पदवी जोडलेली आहे. अभ्यासात मागे पडलेली मुलगी मैदानावर उतरूच शकत नाही. पाच मोसम खेळायचे तर पदवीही बहुधा पाच वर्षांत पसरते, आणि हे जादा वर्ष अभियांत्रिकी किंवा परिचारिका अभ्यासक्रमातील विद्यार्थिनीला सोयीचे पडेल की अडचणीचे, हे प्रवेशाआधीच विचारून घेणे हिताचे. शिष्यवृत्तीची रक्कम किती, ती दरवर्षी नव्याने ठरते का, आणि दुखापत झाल्यास ती चालू राहते का, हे तीन प्रश्नही लेखी उत्तरांसह सोडवून घ्यावेत.

पुनर्बांधणीतील संघ या दृष्टीने मुलीसाठी वाईट निवड ठरत नाही. भरगच्च, विजयी संघात पहिली दोन वर्षे बाकावर जाण्याची शक्यता असते. २०२६ मध्ये दोन तुकड्या एकदम निघाल्या, तर अनेक संघांत जागा रिकाम्या होतील, आणि त्यांत येणाऱ्या मुलीला पहिल्याच वर्षी खेळायला मिळू शकते. तिला पराभव पचवावे लागतील, हेही तितकेच खरे.

या अनुभवाची शिदोरी पुढे किती लांब जाते, याचे उदाहरण विनिपेगमध्येच आहे. मॅनिटोबाचे उपमुख्यमंत्रिपद आणि आरोग्यखाते २०२३ पासून सांभाळणारे उझोमा असाग्वारा हे नायजेरियातून आलेल्या कुटुंबातले. राजकारणात येण्यापूर्वी त्यांनी मानसोपचार परिचर्येत काम केले, आणि त्याआधी वेस्मेनकडून व कॅनडाच्या राष्ट्रीय संघाकडून बास्केटबॉल खेळले. स्थलांतरित कुटुंबातील मुलांना विद्यापीठाचा संघ शहराशी कसा जोडतो, हे त्यांच्या वाटचालीत दिसते.

मोसमात काय पाहावे?

जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांचा तक्ता डिसेंबरपर्यंत फारसे काही सांगणार नाही. त्याऐवजी सामन्यानंतर प्रसिद्ध होणाऱ्या आकडेवारीतील चार गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली, हातचे घालवलेले चेंडू. नवखा संघ नोव्हेंबरमध्ये एका सामन्यात वीसहून अधिक वेळा चेंडू गमावत असेल आणि जानेवारीअखेर तो आकडा पंधराच्या आसपास आला असेल, तर निकाल काहीही लागोत, संघ शिकतो आहे. दुसरी, रिबाउंड. उंची उसनी आणता येत नाही, पण जागा अडवण्याची शिस्त शिकवता येते. उंच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध हे अंतर कमी होत गेले, तर ते सरावाचे फळ समजावे. तिसरी, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींची एकूण मिनिटे. दोनशेपैकी किमान साठ-सत्तर मिनिटे त्यांच्या वाट्याला येत नसतील, तर संघ आजचा सामना जिंकण्यासाठी पुढचे वर्ष खर्च करतो आहे, असे मानायला हरकत नाही. चौथी, शनिवारचा सामना. शुक्रवारी हरलेला संघ तोच प्रतिस्पर्धी समोर असताना चोवीस तासांत काय बदल करतो, यावरून प्रशिक्षकांचे काम आणि मुलींची ग्रहणशक्ती दोन्ही कळतात.

वेस्मेन आणि बायसन्स यांच्यातील सामना मोसमात वेगळाच रंग भरतो. दोन्ही क्रीडागृहांतील अंतर जेमतेम दहा किलोमीटर, अनेक मुली शाळेत एकमेकींच्या सोबत किंवा विरोधात खेळलेल्या. १९९४ मध्ये ८८ विजयांची मालिका याच सामन्यात तुटली होती, त्यामुळे येथे गुणतक्त्यातील स्थानाला फारशी किंमत नसते.

महिला बास्केटबॉलसाठी काळ अनुकूल आहे. २०२६ मध्ये ‘टोरांटो टेम्पो’ हा कॅनडाचा पहिला डब्ल्यूएनबीए संघ मैदानात उतरत आहे आणि विनिपेगच्या शाळांतील मुलींना प्रथमच आपल्या देशात या खेळाचे व्यावसायिक शिखर दिसेल. ते शिखर आणि शाळेचे मैदान यांच्यामधली पायरी म्हणजे विद्यापीठाचे संघ. विनिपेगमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ती जवळ आणि स्वस्त आहे. शुक्रवारी संध्याकाळी बहुधा आधी महिलांचा आणि मग पुरुषांचा सामना होतो, आणि एकाच तिकिटात दोन्ही पाहता येतात. जानेवारीत बाहेर उणे तीस असताना डकवर्थ सेंटरच्या बाकांवर काही जागा रिकाम्या असतीलच. बास्केटबॉल खेळणारी मुलगी घरात असेल, तर तिला सोबत न्यावे आणि शेवटच्या दहा मिनिटांत पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी कोण मैदानावर आहे, ते तिलाच मोजायला सांगावे.